प्रार्थनेतली पाचवी ओळ

नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात जर्मनीच्या हुकूमशहाचा धडा आहे. खोडे बहनजी तो शिकवायला घेत, तेव्हा पहिले दोन दिवस पुस्तकाला हातच लावत नसत. पोरांना सांगत, "उद्या येतानी रस्त्यानं किती चेहरे दिसते ते मोजून आना. भिंतीवरचे, खांबावरचे, दुकानावरचे. जितेजागते नाही, फोटोतले. कोन हाय अन् काय करून राह्यला, हेबी लिहा."

दुसऱ्या दिवशी वर्गात बाजार भरायचा. सौसरच्या बसस्टँडपासून शाळेपर्यंत कोणाला तीस चेहरे सापडलेले, कोणाला पन्नास. हात जोडलेले नेते, हात वर केलेले बाबा, केस उडवणारी बाई, कोचिंग क्लासमध्ये पहिला आलेला चष्मेवाला मुलगा, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा घेणारा कोणी युवा हृदयसम्राट, ज्याला त्याच्या गल्लीबाहेर कोणी ओळखत नव्हतं.

"यातल्या किती जनाइशी तुमी बोलले?" बहनजी विचारायच्या.

पोरं आपापल्या याद्या पुन्हा चाळायची.

"मंग हा मानूस चांगला हाय, हे तुमाले कसं माहीत?"

"हसून राह्यला ना मॅडम तो," मागून कोणीतरी म्हणायचं.

"फोटोत कोन रडते बापा?" वर्ग हसायचा. हसणं थांबेपर्यंत त्या थांबायच्या आणि मग म्हणायच्या, "हं. आता काढा पुस्तक."

मी त्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. माझी खोली त्यांच्या वर्गाला लागून. मधली भिंत छतापर्यंत गेलेलीच नव्हती. त्यामुळे माझ्या पोरांचं घडा आणि फुलदाणी काढणं आणि पलीकडचा इतिहास एकदमच चालायचा. आम्ही दोघेही पांढुर्ण्याचे. सकाळच्या बसनं सौसरला यायचं, संध्याकाळी परत. त्या पुढच्या दाराजवळच्या सीटवर बसायच्या, मी मागे. त्यांचे यजमान विनायकराव यांचं पांढुर्ण्याला वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. ते फार थोडं बोलत. बहनजी म्हणायच्या, "आमच्या घरात बोलन्याचा कोटा एकच हाय, तो मीच वापरते."

त्यांची चण लहान. सुती साडी, पायात रबरी तळाच्या चपला, खांद्याला विनायकरावांच्या दुकानातली कापडी पिशवी. पिशवीत एक पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली असायची. फोटो हातात आला की तो उलटा करून त्या पेन्सिलीनं मागे नावं लिहायच्या, डावीकडून उजवीकडे. लग्नातला असो, सहलीतला असो. "फोटो मुका असते," म्हणायच्या. "आज सगळे ओळखते, उद्या कोनी नाही ओळखत. मंग ज्याचा आवाज मोठा, तो म्हनते ते खरं."

त्यांचे दोन प्रश्न ठरलेले होते. कोणी काही बातमी आणली की पहिला, "कोनं सांगतलं?" आणि दुसरा, "सांगून त्याले काय भेटलं?" एकदा पावसाळ्यात आमची बस वाटेत एका हॉटेलजवळ थांबली. कंडक्टर म्हणाला, पुढे ट्रक उलटलाय, तासभर तरी हलणार नाही. लोक उतरले, भजी-चहा सुरू झाला. बहनजी खाली उतरल्या. "कोनं सांगतलं?" कंडक्टरनं ड्रायव्हरकडे बोट दाखवलं, ड्रायव्हरनं पानवाल्याकडे, पानवाल्यानं हॉटेलवाल्याकडे. हॉटेलवाला कढईत झारा फिरवत होता. "सांगून तुमाले काय भेटलं, हे नाही विचारत," बहनजी म्हणाल्या, "ते कढईतच दिसून राह्यलं." सगळी बस हसली. पुढे रस्ता मोकळा होता. हॉटेलवाला मात्र त्यानंतर आमची बस दिसली की आधी पुढच्या दाराकडे बघायचा.

आता काकाजींबद्दल सांगायला हवं, कारण बहनजींची गोष्ट त्यांच्याशिवाय होत नाही.

काकाजी आमच्या संस्थेचे अध्यक्ष. मोठे संत्रा-बागायतदार, उंच, पांढरा सदरा, बोलताना समोरच्याचा हात हातात घेणारे. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांचा एक फोटो ऑफिसात होता. दोन-तीन वर्षांत तो प्रत्येक वर्गात गेला, सरस्वतीच्या बाजूला, तेवढ्याच उंचीवर. मग शाळेच्या डायरीवर. मग फलकावर रोज 'काकाजींचा सुविचार' येऊ लागला. तो कुठून यायचा हे मला पक्कं माहीत आहे, कारण फलक मीच लिहायचो. कॅलेंडरची मागची पानं, जुन्या डायऱ्या, ट्रकच्या पाठी, जिथून मिळेल तिथून. खाली सुंदर अक्षरात 'काकाजी'. असं करायला काकाजींनी सांगितलं नव्हतं. प्राचार्यांनी सांगितलं होतं. प्राचार्यांना कोणी सांगितलं होतं, माहीत नाही. माझं अक्षर चांगलं होतं आणि लोक वाखाणत होते, मला तेवढं पुरे होतं.

एके दिवशी फलकावर मी लिहिलं होतं, 'वेळ गेली की परत येत नाही. — काकाजी'. बहनजी नववीच्या पोरींना घेऊन तिथून चालल्या होत्या. थांबल्या. "हे काकाजींच्या आधी कोनीच म्हनलं नसन का?" वर्षा नावाची एक पोरगी म्हणाली, "माही आजी म्हनते मॅडम. रोज सकाळी." बहनजींनी माझ्या हातातला खडू घेतला आणि 'काकाजी'च्या पुढे लिहिलं, 'आणि वर्षाची आजी'. दिवसभर ते तसंच राहिलं. पुसायची हिंमत कोणाला झाली नाही, कारण पुसताना काकाजींचंही नाव पुसलं गेलं असतं.

प्रार्थनेतही काकाजी होते. आमची प्रार्थना चार ओळींची, देवाची, विद्येची. तिला एक पाचवी ओळ जोडलेली होती: 'ज्यांनी आम्हां दिली सावली, सुखी असोत ते काकाजी'. मी आलो तेव्हापासून ती होतीच. सातशे पोरं एका सुरात म्हणायची. शिक्षकांच्या रांगेत बहनजी माझ्या पुढे उभ्या असत. चार ओळी त्या मोठ्यानं म्हणत आणि पाचवीला त्यांचं डोकं किंचित खाली जाई. मला वाटे, बाई हट्टी आहेत. त्यामागे काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

शाळेला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. ऑफिसात एक जुना फोटो होता, शाळा सुरू झाली त्या दिवशीचा. कडुलिंबाखाली एक लाकडी खुर्ची, तिच्यावर महादेवराव गुरुजी. रामाकोना गावचे. शाळा खरी त्यांनी काढली. स्वतःच्या ओळखीनं जागा मिळवली, दारोदार फिरून पोरं जमवली. खुर्चीमागे पाचसहा जण उभे, चपरासी धोंडबा हातात घंटा धरून, आणि अगदी उजव्या टोकाला, अर्धे झाडाच्या सावलीत, तरुण काकाजी. पुढे निवडणुकीत शिक्षकांना काकाजींचे पोस्टर चिकटवायला पाठवलं, तेव्हा गुरुजींनी विरोध केला आणि राजीनामा देऊन घरी गेले. काही वर्षांनी वारले. शाळेनं अर्धी सुट्टीसुद्धा दिली नाही.

प्राचार्यांनी मला बोलावलं. मी तेव्हा कॉम्प्युटरवर फोटोचं काम नवीनच शिकलो होतो. म्हणाले, "स्मरणिकेच्या कव्हरवर हा फोटो घ्यायचा आहे. पण अध्यक्ष कोपऱ्यात बरे दिसत नाहीत. काकाजींची इच्छा आहे, त्यांना मधात घ्या." गुरुजींचं काय करायचं हे ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

मी गुरुजींना काढलं. काकाजींच्या दुसऱ्या एका जुन्या फोटोतून त्यांचं बसलेलं शरीर घेतलं आणि खुर्चीवर बसवलं. पानांमधून पडणारे उन्हाचे कवडसे सदऱ्यावर असे बेमालूम उतरवले की मी स्वतःच खूश झालो. फ्रेम ऑफिसात लागली. पहिला बघायला आला तो धोंडबा. तो स्वतः त्या फोटोत होता. बराच वेळ पाहून म्हणाला, "हाव जी, काकाजीच बसले होते मधात. मी बाजूले घंटी धरून उभा होतो ना." त्याला कोणी पढवलं नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता.

त्या संध्याकाळी बसमध्ये बहनजींनी मला पुढे बोलावून शेजारी बसवलं.

"काम साफ हाय तुमचं, वानखडे सर."

मी चक्क "थँक्यू" म्हणालो.

"किती वेळ लागला?"

"अडीच-तीन तास."

"मानूस मरायले याच्याहून जास्त वेळ लागते," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. उतरताना पिशवीतून त्यांनी एक फोटो काढून मला दाखवला. तोच, जुना, त्यांची स्वतःची प्रत. मागे पेन्सिलीनं नावं होती. खुर्चीवर: महादेवराव गुरुजी. सर्वांत शेवटी, उजवीकडे: काकाजी. "ठेवून घेऊ का?" मी विचारलं. "नाही," म्हणाल्या. "तुमच्याजवळ आता नको."

स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम त्यांच्याकडेच होतं. त्यांनी चार पानं लिहून दिली. पहिलं वाक्य होतं, 'ही शाळा रामाकोन्याच्या महादेवराव गुरुजींनी काढली.' काकाजींचंही पुष्कळ होतं त्यात, चांगलंच होतं, पण ते दुसऱ्या पानावर सुरू होत होतं. तिसऱ्या दिवशी काकाजींनी त्यांना बोलावलं. तिथं काय झालं ते त्यांनी मला बसमध्ये सांगितलं.

काकाजींनी आधी चहा मागवला. म्हणाले, "बहनजी, लेख वाचला. भाषा एकदम मस्त. फक्त सुरुवात जराशी बदलवा."

"काय बदलवू?"

"गुरुजी आता राह्यले नाही. जुन्या गोष्टी काहून उकरून काढता?"

"जुन्या गोष्टी उकरनं हेच माहं काम हाय, काकाजी."

काकाजी हसले. मग समोरच्या फ्रेमकडे पाहून म्हणाले, "त्या दिवशी मी तिथं बसलो होतो. पानाइतून ऊन येत होतं डोळ्यावर. गुरुजी कुठं होते, मले काही आठवत नाही."

हे सांगताना बहनजींचा आवाज बदलला. "सर, ते खोटं नव्हते बोलत. मी डोळ्याइत पाह्यलं. त्याइले खरंच तसं आठवून राह्यलं होतं. तुमचं ते ऊन त्याइच्या डोळ्यावर येऊन राह्यलं होतं." पुढे म्हणाल्या, "इतके दिवस मी पोराइले शिकवत होती की खुर्चीवरचा मानूस लोकाइले फसवते. तो सोताच पहिला फसते, हे नव्हतं सांगतलं मी. सांगाले पाह्यजे होतं."

आणखी एक गोष्ट मला नंतर प्राचार्यांच्या तोंडून कळली. काकाजींची अशी काही 'इच्छा' नव्हतीच. जुना फोटो पाहून ते सहज एवढंच म्हणाले होते, "याच्यात मी दिसूनच नाही राह्यलो." बाकीचं सगळं आम्हीच केलं होतं.

लेख बहनजींनी बदलला नाही. स्मरणिकेत दुसऱ्या कोणाचा तरी छापला गेला. आठवड्याभरात त्यांच्या बदलीचा कागद आला, 'प्रशासकीय सोयीसाठी'. संस्थेची एक छोटी शाखा बोरगावच्या पलीकडे होती, तिथं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. पुढचं प्राचार्यपद ज्येष्ठतेनं त्यांचं होतं, ते गेलं. आता पांढुर्ण्याहून दोन बसेस बदलायच्या आणि पुढे दोन किलोमीटर चालायचं. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची कागद यायच्या आधीच रिकामी होऊ लागली होती. निरोप समारंभ झाला नाही. त्या कपाटातली पुस्तकं पिशवीत भरत होत्या, तेव्हा मी दारापर्यंत गेलो आणि पोरांच्या वह्या तपासायच्या आहेत असं म्हणून परत फिरलो. त्यांनी बघितलं. माझ्या आयुष्यात मला लाज वाटावी अशा ज्या गोष्टी आहेत, त्यात फोटोपेक्षा हे दार वर आहे.

दोनेक वर्षांनी चित्रकलेची परीक्षा घ्यायला मला त्या शाखेत पाठवलं. चार खोल्यांची शाळा, पुढे मैदान, मैदानापलीकडे कपाशी. व्हरांड्यात पोरांनी चालवलेलं भित्तिपत्रक होतं. मधोमध बहनजींचा फोटो चिकटवलेला, वर रंगीत अक्षरात 'आमच्या महान बहनजी'. मला गंमत वाटली. शेवटी यांचाही फोटो लागलाच, म्हटलं. मग खाली पाहिलं. पोरीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

'बहनजींच्या तीन चुका. एक, बहनजींनी सात वर्षे एका लढाईचे साल चुकीचे शिकवले. एका मुलीने दाखवले तर तिलाच खाली बसवले. दोन, चोरी न केलेल्या मुलाला छडी मारली. खरे कळले तेव्हा तो शाळा सोडून गेला होता. तीन, मोठ्या शाळेच्या प्रार्थनेतली पाचवी ओळ बहनजींनी लिहिली.'

मी तिसरी चूक दोनदा वाचली.

मधल्या सुट्टीत त्या भेटल्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते, तळव्यांना भेगा पडल्या होत्या. फोटोचं विचारलं तर म्हणाल्या, "शिक्षक दिवसाले लावला पोराइनं. मी म्हनलं, काढा. एक पोरगी रडली. मंग म्हनलं, राहू द्या, पन बाजूले तीन चुका लिहा. कोनाचाबी फोटो लावा, खाली तीन चुका लिहा. ज्याच्या चुका सापडत नाही, त्याचा फोटो लावू नका."

"तिसरी खरी आहे?"

"हाव." त्यांनी डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे केली. "शाळा नवी होती तवा. जून महिन्यात वादळ आलं, वरचे टिनं उडून गेले. गुरुजी डोक्याले हात लावून बसले. काकाजी तवा अध्यक्ष नव्हते, कोनी नव्हते. घरचे टिनं घेऊन आले, मजुराइच्या संगं सोता वर चढले. मी खालून पाहून राह्यली होती. घसरले अन् पडले, खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शाळा एक दिवसबी बंद नाही राह्यली. सर, मले रडू आलं होतं. मी ती ओळ लिहिली. एका दिवसासाठी. पोराइनं म्हनली, काकाजींनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पोराइनं सवयीनं पुन्हा म्हनली."

"मग काढली का नाही?"

"आठ दिवसानं मी गुरुजींले म्हनलं, आता बस झालं. गुरुजी म्हनले, आता काढली त त्याले काय वाटन? मलेबी तसंच वाटलं. मंग वर्ष झालं. मंग पोराइच्या पोराइनं म्हनली." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "लोक म्हनते, हे सगळं खोट्यानं सुरू होते. खोट्यानं सुरू झालं असतं त लहान लेकरानंबी ओळखलं असतं. ते खऱ्यानं सुरू होते, सर. कोनी खरंच छप्पर टाकलं असते. आपन खरंच हात जोडले असते. फक्त जोडलेले हात कवा खाली घ्याचे, हे आपल्याले समजत नाही."

घंटा झाली. उठताना म्हणाल्या, "तुमी फोटो एका दुपारात बदलला. माहं काम वीस वर्षं चाललं. मी तुमाले त्या दिवशी जे बोलली ते अर्धं मले बोलली होती."

निवृत्तीनंतर त्या पांढुर्ण्याच्या दुकानात विनायकरावांशेजारी बसू लागल्या. गणिताची वही घ्यायला आलेल्या पोराला नागरिकशास्त्र सांगायच्या. मधल्या काळात काकाजींना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही अर्धी गेली. पुतण्या अध्यक्ष झाला, लोक त्याला भैयाजी म्हणू लागले. महिन्याभरात वर्गावर्गातल्या फ्रेम उतरल्या आणि त्याच खिळ्यांवर नव्या चढल्या. प्रार्थना बदलायला तर एक दिवसही लागला नाही. 'काकाजी'च्या जागी 'भैयाजी' म्हटलं तरी चाल तीच राहत होती.

पुन्हा स्मरणिका निघायची ठरली. भैयाजींनी मला बोलावलं. तोच फोटो टेबलावर होता, माझाच बनवलेला. "सर, याच्यातून आता काकाजींले काढा. तिथं माह्या बाबाजींले बसवा. शाळा खरी त्याइनंच उभी केली." त्यांच्या वडिलांना मी कधी शाळेत पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "माझ्याच्यानं होणार नाही." ते रागावले नाहीत. मोबाइलवर फोटो काढून त्यांनी फ्लेक्सच्या दुकानात पाठवला. मी ऑफिसातून बाहेर पडायच्या आत तो होऊन परत आला. तीन तासांचं काम आता दहा मिनिटांवर आलं होतं.

मी बहनजींना सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या एक कागद घेऊन सौसरला आल्या. मी त्यांच्याबरोबर ऑफिसात गेलो. या वेळी दाराशी थांबलो नाही. भैयाजींनी उभ्यानंच कागद वाचला. त्यात गुरुजी होते, आणि काकाजी होते. छप्पर, मोडलेला खांदा, मुलींसाठी सुरू केलेली बस, दोन शाखा.

"बहनजी," भैयाजी म्हणाले, "तुमाले त काकाजींनीच हाकललं होतं. अन् तुमीच त्याइच्यासाठी आल्या?"

"हाकललं ना. तेबी लिहिलं हाय. खालच्या परिच्छेदात पाहा."

भैयाजींनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. "पाहतो," म्हणाले. स्मरणिका छापून आली तेव्हा तिच्यात त्यातलं काहीच नव्हतं, हे सांगायला नकोच. बहनजींना ते त्या दिवशीच कळलं असावं. बाहेर आल्यावर त्यांनी कागदाबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं, "काकाजी कुठं असते आता?"

बाजारातल्या गाड्यावरून त्यांनी अर्धा डझन संत्री घेतली आणि आम्ही काकाजींच्या घरी गेलो. ती माझी त्यांच्याबरोबरची शेवटची फेरी. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मी तेव्हा लेकीकडे नागपूरला होतो, मला दुसऱ्या दिवशी कळलं.

काकाजी पडवीत उन्हाला खुर्चीवर बसले होते. अंगावर शाल, एक हात मांडीवर निजल्यासारखा. सून म्हणाली, "आता कोनी येत नाही. आले त म्हनते, लवकर चांगले व्हा, शाळा वाट पाहून राह्यली. मंग चहा पिऊन जाते."

बहनजी वेताच्या बुटक्या मोड्यावर बसल्या. एक संत्रं सोललं. एकेका फोडीच्या शिरा काढून, बी काढून ती त्यांच्या डाव्या हातात ठेवू लागल्या. काकाजी लहान मुलासारखे खात होते. तीन-चार फोडी झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"कोन?"

"मी खोडे. शाळेतली."

चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"तुमी माही बदली केली होती," बहनजी म्हणाल्या. "बोरगावच्या तिकडं."

सून चरकली. मीही. काकाजी मात्र त्यांच्याकडे बघतच राहिले. मग अर्ध्या तोंडानं, एकेक अक्षर ओढत म्हणाले, "काहून?"

"तुमी सांगतलं ते मी लिहिलं नाही म्हून."

"तुमचं... खरं होतं?"

"हाव."

काकाजींनी हातातली फोड मांडीवर ठेवली. "मंग... चूक झाली."

"जाऊ द्या, काकाजी" असं कोणीही म्हटलं असतं. मी तर म्हणणारच होतो. बहनजी म्हणाल्या, "झाली." आणि पुढची फोड त्यांच्या हातात दिली.

काकाजींच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, पण चेहरा दुःखी नव्हता. कोणीतरी फार दिवसांनी नावानं हाक मारावी तसा झाला होता. ते पुढे झुकले.

"अजून... काय केलं मी? सांगा."

"सगळं सांगू? चांगलं बी हाय, वाईट बी हाय."

त्यांनी मान डोलावली.

बहनजींनी मोडा जवळ ओढला. माझी बस निघायची वेळ झाली होती. मी निघतो म्हणालो, त्यांनी न बघताच हात हलवला. फाटकाशी वळून पाहिलं तर त्या बोटांवर एकेक गोष्ट मोजत बोलत होत्या. काकाजी चांगला हात कानामागे धरून नववीतल्या पोरासारखे ऐकत होते, आणि मध्येच त्यांनी काहीतरी विचारलं असावं, कारण बहनजी थांबल्या, विचारात पडल्या, आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सांगू लागल्या.